घोयरा दरवर्षी जमिनीवर उतरतो, लांब सोडला तरी पुन्हा दिसतो: नेमकं चुकतं कुठे?

तक्रार अशी. गणपती गेले की आमच्या वस्तीवर घोयरे, म्हणजे रंग बदलणारे शॅमेलिऑन सरडे, जमिनीवर दिसायला लागतात. एखादा कुंपणाच्या कडेला, एखादा गोठ्यामागे खताच्या खड्ड्यापाशी, एखादा थेट वाटेच्या मधोमध. कुत्री भुंकतात, पोरं ओरडतात, कुणीतरी काठी घेऊन धावतं. उचलून लांब सोडून आलं तरी आठवड्याभरात तिथेच दुसरा हजर. दिवाळी झाली की सगळं थांबतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

आम्ही पुरंदर तालुक्यातले. सीताफळ आणि अंजिराची बाग, बांधाला हिवर, बोरी, करंज, घाणेरी, आणि एका अंगाने अलीकडेच रुंद झालेला डांबरी रस्ता. हा त्रास आम्ही दोन वर्षं चुकीच्या पद्धतीने निस्तरला. त्यात एक जीव आमच्याच हातून गेला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. 'वनखात्याला कळवा' हे उत्तर सगळे देतात आणि ते बरोबरच आहे. पण पुढच्या वर्षी तो पुन्हा दिसला तर काय, याचं उत्तर त्यात नाही.

आधी तो घोयराच आहे ना, ते बघा

बांधावर दगडावर बसून मान वरखाली करणारा, विणीच्या दिवसांत डोकं आणि गळा लालभडक होणारा, चाहूल लागताच सुर्रकन पळणारा तो साधा सरडा. त्याची काळजी करू नका. तो जमिनीवर उतरतो, झाडावर चढतो, त्याचं त्याला कळतं.

घोयरा, म्हणजेच शॅमेलिऑन, पळत नाही. एक पाय उचलतो, हवेत धरतो, अंग पुढेमागे डोलवतो, मग पाय टाकतो. अंग दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखं, डोक्यामागे टोपीसारखा उंचवटा, शेपटीची गुंडाळी. डोळे शंकूसारखे बाहेर आलेले आणि प्रत्येक डोळा वेगळ्या दिशेला फिरतो, म्हणजे एक डोळा तुमच्याकडे आणि दुसरा मागच्या कुत्र्याकडे. पायाची बोटं दोन गटांत चिकटलेली असतात, पुढच्या पायाला आत तीन आणि बाहेर दोन, मागच्या पायाला आत दोन आणि बाहेर तीन. त्यामुळे पाय चिमट्यासारखा फांदी पकडतो. हा पाय सपाट जमिनीसाठी झालेलाच नाही. म्हणून जमिनीवरचा घोयरा इतका केविलवाणा दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, हा आजारी आहे, ह्याला उचललंच पाहिजे. आमची पहिली चूक तिथेच झाली.

शेपूट धरून वीतभर ते दीड वीत लांबी. भारतात शॅमेलिऑनची ही एकच जात आढळते. भारताबाहेर पाकिस्तान आणि श्रीलंकेतही ती आहे. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्करमध्ये. आपल्याकडच्याला दाट ओलं जंगल लागत नाही. बोरीबाभळीचं रान, बांधावरची झुडपं, जुनी बाग, एवढं त्याला पुरतं. म्हणजे तो आपल्या शेतात 'शिरलेला' नसतो, तो तिथलाच असतो.

अजून एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय घरातली माणसं पुढचं ऐकत नाहीत. घोयरा विषारी नाही. तो थुंकत नाही, त्याच्या थुंकीने डोळे जात नाहीत, अंगावर चढला म्हणून कुणाला काही होत नाही. घाबरला की अंग फुगवतो, काळपट पडतो, तोंड उघडून फुस्स करतो. अगदीच दाबून धरला तर चावेल, पण ते चिमटा बसल्याइतकंच. आमच्या मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, थुंकण्यावर ठाम विश्वास होता. मी वाद घातला नाही. एक दिवस त्यांच्यासमोरच बांधावर घोयऱ्यापासून दोन हातांवर तासभर बसून राहिले. त्यानंतर ते स्वतःच पोरांना सांगायला लागले, "काय करत नाय तो, लांबून बघा."

आम्ही काय काय करून बसलो

पहिल्या वर्षी, २०१९ साली, वाटेवर एक घोयरा दिसला. मामांनी त्याच्यावर डालगं पालथं घातलं. संध्याकाळी ह्यांनी तो बादलीत घातला, वर गोणपाट बांधलं आणि मोटारसायकलवरून बारा-तेरा किलोमीटर लांब रानात सोडून आले. आम्हाला फार बरं वाटलं. पाचव्या दिवशी त्याच जागी दुसरा. त्या हंगामात असे चार नेऊन सोडले. तोच परत येतोय की काय, अशी चर्चा घरात रंगली. तो परत येत नव्हता. इतक्या संथ जिवाला तेवढं अंतर पार करणं जमणारच नाही. दर वेळी वेगळाच घोयरा, पण जागा मात्र तीच. आम्ही सगळे त्या जिवाकडे बघत राहिलो आणि त्या जागेकडे कुणीच बघितलं नाही.

दुसऱ्या वर्षी खताच्या खड्ड्यापाशी एक मादी सापडली. मादी आहे हे तेव्हा कळलं नव्हतं. पोट फुगलेलं, चाल मंद, रंग पिवळसर हिरवा आणि त्यावर गडद ठिपके. आजारी आहे असं समजून आम्ही तिला पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलं. माझ्या मुलीने टोमॅटोची फोड ठेवली, भिजवलेली डाळ ठेवली. मी चमच्याने तोंडापाशी पाणी धरलं. तिने काहीच घेतलं नाही. रात्रभर खोक्याचा तळ खरवडल्याचा आवाज येत राहिला. आम्हाला वाटलं, बाहेर पडायचं म्हणून धडपडतेय. दोन रात्री तो आवाज आला, तिसऱ्या रात्री आला नाही. सकाळी ती मेलेली होती.

वनखात्याचा जो माणूस आला त्याने तिला तळहातावर घेऊन पोट हलकेच चाचपलं आणि म्हणाला, "ताई, ही अंड्यावर होती. हिला खड्डा खणायचा होता."

तो खरवडण्याचा आवाज त्यासाठी होता.

जमिनीवर दिसला तर कारण काय असू शकतं

घोयरा खातो, झोपतो, ऊन घेतो ते सगळं झाडाझुडपावर. पाणीसुद्धा पानावरचं दव किंवा पावसाचे थेंब चाटून पितो. तो खाली उतरतो तेव्हा त्याच्यापुढे तसंच काहीतरी काम असतं. चार-पाच वर्षांच्या बघण्यातून माझ्यापुढे मोजकीच कारणं आली, आणि कारण ओळखलं की काय करायचं ते आपोआप ठरतं.

सगळ्यात जास्त वेळा दिसते ती अंडी घालायला आलेली मादी. पोट दोन्ही बाजूंनी भरलेलं असतं, कधीकधी कातडीखाली गोट्या असाव्यात तसे उंचवटे दिसतात. डोळे उघडे आणि सारखे फिरत असतात. ती मंद चालते पण चालत राहते, मध्येच थांबून पुढच्या पायांनी माती उकरून बघते, पसंत पडली नाही तर पुढे जाते. हिला उचलायचं नाही. कुत्रं बांधा, पोरांना लांब बसवा आणि तिला तिचं काम करू द्या. योग्य माती मिळाली नाही किंवा कुणी अडवून ठेवलं तर अंडी पोटातच अडकतात आणि मादी दगावते. आमच्या खोक्यातलीचं तेच झालं.

दुसरा म्हणजे वाट ओलांडणारा. पोट सपाट, मान पुढे, एका झाडावरून दुसऱ्याकडे निघालेला. बहुतेक वेळा मादीच्या शोधातला नर. रस्ता नसेल तर ह्याच्याकडे नुसतं लक्ष ठेवा. रस्ता असेल तर मदत करा, कशी ते पुढे सांगते. एकच गोष्ट पाळा: त्याचं तोंड ज्या बाजूला आहे त्याच बाजूला न्यायचं. 'इकडची झाडं चांगली आहेत' म्हणून मागे आणून ठेवला तर अर्ध्या तासात तो पुन्हा रस्त्यावर येतो.

तिसरा म्हणजे ज्याचं झाड गेलं तो. बांध साफ केला, जेसीबी फिरला, कुंपणाची घाणेरी तोडली, की दुसऱ्या दिवशी घोयरे उघड्यावर भटकताना दिसतात. ह्यांना जवळात जवळच्या शाबूत झुडपावर चढवा. पाच-पन्नास पावलांवरचं झुडूप पुरतं. लांब नेऊ नका. अनोळखी रानात त्याला पाणी कुठे, ऊन कुठे, शत्रू कुठे, काहीच ठाऊक नसतं आणि तिथे आधीचे घोयरेही असतात. पहिल्या वर्षी लांब नेऊन सोडलेल्या चौघांचं काय झालं असेल, हा विचार मला अजूनही टोचतो.

चौथा खरा आजारी किंवा जखमी. भर दिवसा डोळे मिटून बसलेला, डोळे आत गेलेले, काडी पुढे केली तर पायाने न पकडणारा, अंगावर मुंग्या चढलेल्या तरी न हलणारा. कुत्र्याने किंवा मांजराने धरलेला असेल तर जखम लहान दिसली तरी साधी समजू नका, दातांनी आत घाण जाते. अशाला वनखात्यामार्फत डॉक्टरकडेच जायला हवं.

आणि एक फसवा प्रकार. भल्या पहाटे, थंडीत, काळाठिक्कर पडून दगडासारखा बसलेला घोयरा बघून लोक म्हणतात मेला. तो गारठलेला असतो. अंग गडद केलं की ऊन लवकर शोषलं जातं, म्हणून तो काळा झालेला असतो. उन्हाची तिरीप पडू द्या, तास-दीड तास थांबा.

रंगाबद्दल दोन शब्द

रंगावरून निदान करताना लोक फार फसतात. घोयरा लाल कापडावर ठेवला की लाल होतो, हे खरं नाही. तो मागच्या वस्तूची नक्कल करत नाही. उजेड, ऊब, भीती, भांडण, विणीची अवस्था, त्यावर रंग बदलतो, आणि तोही आपल्या ठरावीक हिरव्या, पिवळ्या, तपकिरी, काळ्या छटांच्या आत. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर अभ्यास करून दाखवलं की त्याच्या कातडीतल्या काही पेशींमध्ये ग्वानिन नावाच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. त्या स्फटिकांमधलं अंतर वाढलं की परावर्तित होणारा प्रकाश बदलतो आणि रंग बदलतो.

आपल्या कामाचं त्यातलं एवढंच: तुम्ही जवळ गेल्यावर तो काळपट पडला आणि त्यावर ठिपके उठले तर त्याला तुमचा त्रास होतोय. मागे व्हा. दहा-पंधरा मिनिटांत रंग फिका झाला नाही तर अजून मागे व्हा.

उचलावंच लागलं तर

हाताने पकडायचं नाही. पाठीवरून घेतलेला हात त्याला घारीच्या झडपेसारखा वाटतो. झाडाची खरबरीत फांदी, अंगठ्याइतकी जाड, त्याच्या छातीच्या पुढे आडवी धरा आणि थांबा. मागून काडीने अगदी हलकं टोचलं तरी चालेल. तो आधी एक पाय ठेवेल, पकडून बघेल, मग दुसरा. चारही पाय आणि शेपूट फांदीवर आली की उचला. ह्याला एखादं मिनिट लागतं आणि रस्त्यावर ते मिनिट फार मोठं वाटतं. म्हणून दुसऱ्या माणसाला गाड्यांना हात दाखवायला उभं करा.

फांदीला किंवा कापडाला धरून बसलेल्या घोयऱ्याला ओढून काढू नका. तो सोडत नाही आणि नखं उपटून येतात. शेपटीला धरून तर कधीच उचलू नका. पालीची शेपूट तुटते आणि पुन्हा येते, घोयऱ्याची तुटली की कायमची गेली. ती त्याचा पाचवा पायच असते.

वनखात्याची माणसं येईपर्यंत जखमी घोयरा ठेवायचा तर डालग्याखाली किंवा हवेशीर टोपलीत ठेवा. आत एक आडवी फांदी घट्ट बसवा, पानांची डहाळी टाका, वरून सुती कापड, आणि टोपली सावलीत. डहाळीवर हाताने पाणी शिंपडा, त्याला वाटलं तर थेंब चाटेल. वाटीतलं पाणी त्याला बहुधा ओळखूच येत नाही. खायला काही देऊ नका. तो जिवंत, हलणारे किडे जिभेने टिपून खातो, आणि ही जीभ अंगाच्या लांबीपेक्षा जास्त लांब जाते. टोमॅटो, भात, डाळ हे त्याचं अन्नच नाही. तोंड उघडून चमच्याने, सिरिंजने काही घालायचा प्रयत्न तर मुळीच नको. पाणी श्वासनळीत जातं, नाहीतर जिभेला इजा होते, आणि जीभ गेलेला घोयरा उपाशीच मरणार. काचेची बरणी, प्लास्टिकचा डबा, माशांची टाकी यांत उष्णता कोंडते, त्यात ठेवू नका.

महाराष्ट्र वनविभागाचा टोल फ्री नंबर १९२६. मोबाईलमध्ये आजच साठवून ठेवा. घोयरा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. पकडणं, पाळणं, विकणं, मारणं गुन्हा आहे. 'पोरांना आवडतो म्हणून ठेवलाय, चांगलं खाऊपिऊ घालतो,' असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी कायदा नंतर सांगते. आधी एवढंच सांगते की ह्या जिवाला उन्हातले यूव्हीबी नावाचे अतिनील किरण लागतात. ते मिळाले नाहीत तर अंगातलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही, हाडं मऊ पडून पाय वाकडे होतात. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ते किरण जवळपास नसतातच. तुमच्या दिवाणखान्यात तो जगतोय असं दिसतं तेव्हा आतून हळूहळू मोडत असतो.

तिसऱ्या वर्षी आम्ही नुसतं बघत बसलो

ऑक्टोबर होता. सकाळी साडेनऊच्या सुमारास एक मादी सीताफळाच्या ओळीतून खाली उतरली. तिच्या शेपटीचं टोक तुटलेलं होतं, त्यामुळे ती चटकन ओळखू येत होती. ती खताच्या खड्ड्याकडे निघाली. मी कुत्र्याला साखळी घातली, मुलीला घेऊन पंधरा पावलांवर बाभळीच्या सावलीत बसले. मामा खुर्ची घेऊन आले.

तिने तीन ठिकाणी माती चाचपली. पहिल्या ठिकाणी वरचा थर निघाला आणि खाली मुरूम लागला, सोडून दिलं. दुसऱ्या ठिकाणी ठिबकची नळी आडवी आली. तिसरी जागा खड्ड्याच्या कडेला, जिथे दोन वर्षांपूर्वीचं कुजलेलं शेणखत मातीत मिसळून भुसभुशीत झालेलं होतं. तिथे ती बसली आणि खणायला लागली. पुढच्या पायांनी माती सैल करायची, मागच्या पायांनी मागे लोटायची. ज्या पायांना नीट चालता येत नाही त्या पायांनी. डोकं आत गेलं, मग खांदे, दुपारपर्यंत फक्त कंबर आणि ती तुटकी शेपूट बाहेर. मध्येच बाहेर यायची, थबकायची, दोन्ही डोळे दोन दिशांना फिरवायची. नाकावर माती, पापण्यांच्या घडीत माती. एकदा वरून घारीची सावली सरकली आणि ती जागच्या जागी गोठली. किती तरी वेळ हलली नाही. आम्हीसुद्धा हललो नाही.

तीनच्या पुढे ती आत वळून बसली. अंडी आम्हाला दिसली नाहीत, आम्ही बघायला गेलोही नाही. ह्या जातीची मादी एका वेळी दहा ते तीस-एकतीस अंडी घालते. संध्याकाळी ती बाहेर आली तेव्हा पोटाच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले होते, कातडी लोंबत होती. तशा अवस्थेत तिने खड्डा बुजवला. माती लोटली, पायांनी दाबली, पुन्हा लोटली. शेवटी तिथे काही झालंय हे ओळखू येणार नाही इतकं सारखं केलं आणि करंजाच्या बुंध्याकडे निघाली. अंधार पडत आला होता. मामा उठले आणि चार दगड आणून त्या जागेच्या चार कोपऱ्यांना ठेवले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

तिथून सगळा उलगडा झाला. आमच्या बागेत सगळीकडे मल्चिंग पेपर, म्हणजे माती झाकायचं प्लास्टिक, अंथरलेला, घरापुढे पेव्हर ब्लॉक, बांधावर तणनाशक मारून कडक झालेली माती, रस्त्याच्या कडेला मुरूम. साऱ्या वस्तीत खणता येईल अशी मऊ माती एकच, खताच्या खड्ड्याची. म्हणून दरवर्षी वेगवेगळ्या माद्या तिथेच यायच्या आणि तिथे पोचायला वाट, गोठा, कुत्र्याची जागा ओलांडायच्या. आम्ही चौघांना लांब सोडून आलो काय किंवा चाळिसांना काय, पुढची तिथेच येणार होती.

पुन्हा होऊ नये म्हणून आता काय करतो

बागेच्या पलीकडच्या टोकाला, वस्तीपासून आणि रस्त्यापासून लांब, बांधाच्या दक्षिण अंगाला दहा बाय पाच फुटांचा तुकडा मोकळा सोडला. दोन फूट खोलीपर्यंत गाळाची माती, थोडी वाळू आणि जुनं शेणखत मिसळून भरलं. पाणी साचणार नाही इतका उतार ठेवला. कडेने बोरीची झुडपं राखली, म्हणजे उतरायला आणि परत चढायला आधार. भाद्रपदाच्या सुरुवातीला एकदा कुदळीने भुसभुशीत करून ठेवतो. त्यानंतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथे खुरपं, कुदळ, ट्रॅक्टर काही नाही. अंड्यांतून पिल्लं निघायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे 'दिवाळीनंतर नांगरलं तर काय होतंय' असं करू नका. चुकून अंडी उघडी पडलीच तर फिरवू नका. जशी आहेत तशीच, जी बाजू वर आहे ती वरच ठेवून, लगेच सैल माती लोटा.

दुसऱ्याच हंगामात फरक दिसला. तुटक्या शेपटीची मादी त्या तुकड्यात आली. खताच्या खड्ड्यापाशी त्या वर्षी एकच दिसली, आता दोन वर्षांत एकही नाही. मी इतकंच म्हणेन की आमच्याकडे जमलं. तुमच्याकडे माती कोणती, बांध कसा, त्याप्रमाणे जागा बदलावी लागेल. आधी हंगामभर बघा की त्या कुठून येतात आणि कुठे उकरतात. जागा त्याच दाखवतात.

बांध साफ करायचा असेल तर आदल्या रात्री बॅटरी घेऊन एक फेरी मारा. माझ्या मते सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी माहीत असलेला उपाय हाच. दिवसा घोयरा पानांत दिसणार नाही, दोन हातांवर असला तरी. रात्री तो फांदीच्या टोकाकडे, शेपूट गुंडाळून, डोळे मिटून झोपतो आणि त्याचा रंग फिका पडतो. उजेड पडला की काळ्या-हिरव्या झुडपात पांढुरकं पान लटकावं तसा तो उठून दिसतो. पहिल्यांदा मी गेले तेव्हा साठ-सत्तर पावलांच्या बांधावर तीन सापडले, जिथे दिवसा मला एकही दिसला नव्हता. सापडलेल्या फांदीला जुन्या साडीची पट्टी बांधायची, बॅटरी लगेच दुसरीकडे वळवायची, झोपमोड करायची नाही. सकाळी मजुरांना सांगायचं, पट्टीचं झुडूप सोडून बाकीचं तोडा. खुरपणीला येणाऱ्या मावश्यांना हे इतकं अंगवळणी पडलंय की आता त्याच विचारतात, "पट्ट्या बांधल्या का वो, का आज नको हात लावू?"

तणनाशक आम्ही बांधावर बंद केलं. फवारणीही बांधापासून दोन ओळी आत थांबवतो. घोयऱ्याचं पोट नाकतोडे, टोळ, माश्या ह्यांच्यावर चालतं. विष खाल्लेला किडा आधी हळू होतो, आणि हळू झालेला किडा टिपणं सोपं. पाखरांनी अंजीर खाऊ नयेत म्हणून लावलेल्या जाळ्या मात्र काढता आल्या नाहीत, पीकच जाईल. खालची कड जमिनीपासून हातभर उचलून बांधतो, म्हणजे तिथे पाय गुंतत नाहीत, आणि रोज सकाळी एकदा जाळी तपासतो.

कुत्र्याचा प्रश्न साखळीने सुटला, तेवढे दीड-दोन महिने दुपारी.

जे सुटलेलं नाही ते रस्त्याचं. रुंदीकरणाआधी दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या होत्या, घोयरे वरच्यावर इकडून तिकडे जायचे. झाडं गेली आणि त्यांना डांबरावर उतरावं लागलं. दर हंगामात एक-दोन चिरडलेले सापडतात. आमच्या खाजगी वाटेवर आम्ही करंज आणि हिवर मुद्दाम वाढू दिलेत, दोन ठिकाणी डोक्यावर फांद्या जुळल्या आहेत. एका ठिकाणी जुळायला अजून वेळ आहे म्हणून ह्यांनी काथ्याचा जाड दोर ताणून बांधलाय. त्यावरून जाताना अजून एकही दिसलेला नाही. डांबरी रस्त्यावर असं काही करायची परवानगी आम्हाला नाही. तिथे इतकंच करतो की सकाळी ऊन वर आल्यापासून दुपारपर्यंत, दूध घालायला जाताना, घरातलं कुणीतरी त्या दोनशे पावलांच्या पट्ट्यात गाडी हळू घेतं आणि डिकीत खरबरीत फांदीचा एक तुकडा ठेवलेला असतो.